माळ घालून जर्मनीत येताय? मग हे आधी वाचा

राम कृष्ण हरी.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून मला गावाकडून बरेच फोन येतात. कुणाची मुलगी नर्सिंगसाठी जर्मन शिकतेय, कुणाचा भाचा इलेक्ट्रिशियन म्हणून निघालाय. पगार किती, थंडी किती हे विचारून झालं की आवाज जरा खाली येतो आणि मनातलं बाहेर पडतं: "ताई, तिकडं गेल्यावर माळ राहील ना?"

राहते. मी स्टुटगार्टला नर्स आहे, माहेर पंढरपूर तालुक्यातलं, आणि नववीत असताना घातलेली माळ आजही गळ्यात आहे. पण काही गोष्टी आधी ठाऊक असत्या तर पहिलं वर्ष रडत गेलं नसतं. त्या इथे क्रमाने लिहिते. मी वारकऱ्याच्या अंगाने सांगतेय. तुमचं दैवत, तुमचा पंथ वेगळा असला तरी कामाचं ते उचला.

निघण्याआधी

एक कागद घ्या आणि घरातल्या मोठ्यांसोबत बसा. काय मोडणार नाही, काय बदलू शकतं आणि काय सुटणार, हे तीन रकाने करून लिहून काढा. मी निघाले तेव्हा पहिल्या रकान्यात चारच ओळी होत्या: मांस-मासा-अंडं नाही, दारू नाही, रोज हरिपाठ, दोन्ही एकादश्या. दुसऱ्यात हरिपाठाची वेळ आणि देवाची जागा. तिसऱ्यात दरवर्षीची वारी. हा तिसरा रकाना लिहिताना आईचे डोळे भरून आले होते, पण तो लिहिला म्हणूनच पहिला टिकला. सगळंच जसंच्या तसं नेऊ म्हणून निघालेल्यांचं सहा महिन्यांत सगळंच सुटलेलं मी पाहिलंय. आमच्या फडावरचे बुवा म्हणाले होते, "झेपेल तेवढाच नेम घे बाई, पण घेतलास की पाळ."

परमुलखात राहणं आपल्या परंपरेला नवं नाही, हेही मुलांना सांगून पाठवा. नामदेव महाराज पंजाबात घुमानला जाऊन राहिले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ते तिथल्या लोकांत मिसळले, तिथल्या बोलीत गायले, आणि नाव मात्र त्याच विठ्ठलाचं घेत राहिले.

आता बॅग. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे पंढरपूरचे पेढे, घरचं तूप, खवा, काहीही नाही. विमानतळावर बॅग उघडली तर आईच्या हातचं तूप डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं. रोपं आणि बियांना डिसेंबर २०१९ पासून रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तुळशीच्या मंजिऱ्या रुमालात बांधून आणू नका. ताज्या फळांपैकी नारळ, केळं, खजूर, अननस आणि ड्युरियन एवढीच या अटीतून सुटलेली आहेत, तेव्हा नारळ खुशाल आणा. बुक्का, गोपीचंदन, चुरमुरे, बत्तासे, वाती आणि टाळांची एक जोडी असू द्या. एक जादा माळ ओवून आणा. इथे दोरा तुटला तर ओवून देणारं कुणी भेटत नाही.

पहिला आठवडा: फॉर्मवरचा धर्माचा रकाना

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्या फॉर्मवर धर्माविषयी एक रकाना असतो आणि तिथे आपली माणसं गांगरतात. काहींना वाटतं, हिंदू लिहिलं तर त्रास होईल. काहीजण घाईत समोर दिसेल त्या चौकोनात खूण करतात.

तो प्रश्न चर्चच्या करासाठी असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद झाली की आपल्या आयकरावर वर ८ टक्के (बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग सोडून बाकी राज्यांत ९ टक्के) कर दर महिन्याच्या पगारातून कापला जातो, आणि तो बंद करायला रीतसर अर्ज करावा लागतो. आपल्याला हा कर लागू नाही. समोरच्या बाईंना स्पष्ट सांगा, "मी हिंदू आहे, कोणत्याही चर्चची सभासद नाही." त्यापुढे त्या काही विचारत नाहीत. पहिली पगाराची पावती आली की त्यावर किर्शेनश्टॉयर या नावाची कपात नाही ना, हे मात्र डोळ्यांनी बघा. लपवायचं तर काहीच नाही. इथल्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलंय.

ताटात काय आहे ते विचारायला शिका

सगळ्यात जास्त धडपडायला होतं ते इथे.

माझ्या तिसऱ्या आठवड्यात वॉर्डमधल्या एकीचा निरोप होता. सकाळच्या सुटीत टेबलावर ब्रेड, काकडी, टोमॅटो आणि एका वाटीत पांढरं, मऊ, तळलेल्या कांद्याचे तुकडे घातलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, कांद्याचं लोणी. ब्रेडला लावलं, अर्धा तुकडा खाल्ला. शेजारची कौतुकाने म्हणाली, "तुला श्माल्त्स आवडतं वाटतं!" श्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी. मी बाथरूममध्ये जाऊन चुळा भरत राहिले. बाबांना फोन लावला तेव्हा तिकडे दुपारचा एक वाजला होता आणि ते रानात होते. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अजाणता झालं ना? नाव घे. आणि उद्यापासून खायच्या आधी विचारत जा. विचारायला लाजलीस, तर मग ते अजाणता राहणार नाही."

म्हणून पहिलं जर्मन वाक्य हे पाठ करा: "इश एस्से काइन फ्लाइश, काइनेन फिश, काइने आयर." मी मांस, मासे, अंडी खात नाही. अंड्याचा उल्लेख वेगळा करायलाच हवा, कारण इथे शाकाहारी म्हणजे अंडं खाणारा असंच धरतात. दुसरं वाक्य: "इस्ट दा श्पेक ओडर गेलाटीने द्रिन?" यात श्पेक किंवा जिलेटिन आहे का?

श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. परतलेल्या बटाट्यांत, फरसबीत, मसुरीच्या आमटीत ते सर्रास घालतात. आमच्या श्वाबियन भागात बटाट्याची कोशिंबीर मांसाच्या पाण्यात मुरवतात, वरून काहीच दिसत नाही. माउलटाशे नावाचा इथला पदार्थ चौकोनी करंजीसारखा दिसतो, पण आत बहुधा खिमा असतो. पाकिटावर "गेम्युज" लिहिलेलं असेल तर भाजीचे, पण त्यांच्या पारीत अंडं असतंच असं समजा.

दुकानात पाकिटामागचं वाचायला पहिले दोन महिने वेळ जाईल, जाऊ द्या. गमी बेअर, मार्शमेलो, काही दह्याची पुडिंगं आणि क्रीमचे केक यांत जिलेटिन असतं. ई १२० हा लाल रंग किड्यांपासून काढतात. चीज दुधाचं असलं तरी ते विरजायला वासराच्या पोटातलं "लाब" वापरलेलं असू शकतं. पार्मेझानमध्ये ते असतंच. "मिक्रोबिएलेस लाब" लिहिलं असेल तर ते प्राण्यापासूनचं नाही. गडबडीत असाल तेव्हा सरळ "वेगान" छापलेलं उचला.

दारूचंही तसंच. ती फक्त ग्लासात नसते. केकमध्ये चेरीची दारू, नाताळच्या श्टोलेन ब्रेडमध्ये रममध्ये भिजवलेले मनुके, सॉसमध्ये वाइन. "अल्कोहोलफ्राय" लिहिलेल्या बिअरमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, तेव्हा तीही नको. नाताळच्या बाजारात गरम वाइनच्या शेजारीच मुलांसाठी किंडरपुन्श मिळतो, तो फळांच्या रसाचा असतो. सगळे ग्लास उंचावतात तेव्हा पाण्याचा ग्लास उचलणं इथल्या जुन्या लोकांना अशुभ वाटतं, म्हणून मी सफरचंदाचा रस आणि सोडा घेते, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून ग्लास लावते. आजवर कुणी वाईट वाटून घेतलेलं नाही. वाईट वाटतं ते तोंडदेखलं "हो" म्हणून नंतर ताट बाजूला सारल्यावर.

कामावर

नर्सिंगला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: हात आणि कोपरापर्यंतच्या भागावर काहीही चालत नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या, दोरा, सगळं काढायचं. जंतुसंसर्गासाठी केलेला हा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. त्यावर धर्माचा मुद्दा काढू नका. लग्नानंतर वर्षाच्या आत बांगड्या उतरवताना मला भरून आलं होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "रुग्णाच्या सेवेसाठी उतरवल्यास, घरी आलीस की घाल." तेवढं ऐकल्यावर मन निवलं.

माळेचं वेगळं आहे. मी पहिल्याच आठवड्यात वॉर्डच्या प्रमुख बाईंकडे जाऊन ती दाखवली. तुळशीचं लाकूड आहे, माझ्या श्रद्धेची खूण आहे, मी ती उतरवत नाही, हे मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या: कपड्याच्या आत असावी आणि लोंबू नये, कारण भ्रमिष्ट रुग्ण हाताला येईल ते ओढतात. मी ती गळ्यालगत आखूड ओवून घेतली. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये तर फारच कडक. पण आधी जाऊन विचारणाऱ्याचं ऐकून घेतात. लपवून ठेवलं आणि नंतर सापडलं की संशय येतो.

सुटीसाठी ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी आपली मागणी नोंदवा. मी नाताळच्या ड्यूट्या आनंदाने घेते आणि बदल्यात आषाढी, कार्तिकी मागते. सहा वर्षांत एकदाच नकार आला.

पहिली एकादशी

भिंतीवर महाराष्ट्रातलं कॅलेंडर लावून उपवास धरू नका. मी वर्षभर तसंच केलं. तिथी ठरते स्थानिक सूर्योदयावरून. समजा, दशमी भारतात सकाळी सातला संपतेय. पंढरपुरात सूर्योदयाला दशमीच होती, म्हणून एकादशी दुसऱ्या दिवशी. पण भारतातले सकाळचे सात म्हणजे इथे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन. स्टुटगार्टला सूर्य त्यानंतर दोन तासांनी उगवतो, आणि तोवर एकादशी लागलेली असते. त्यामुळे इथली एकादशी साधारणपणे एक तर त्याच तारखेला येते, नाहीतर एक दिवस आधी. पंचांगाच्या ॲपमध्ये आपल्या गावाचं नाव टाका. संकष्टी करणाऱ्यांनीही चंद्रोदय इथलाच बघावा. जून-जुलैत तो रात्री अकरा-बाराच्या सुमारास असतो, म्हणजे सकाळची ड्यूटी असेल तर आधीच ठरवून ठेवा.

काहीजण म्हणतात, पंढरीत ज्या दिवशी तोच आमचा दिवस. मी आषाढी-कार्तिकी पंढरपुराबरोबर धरते, बाकीच्या इथल्या सूर्योदयाने. घरातल्या मोठ्यांना विचारून एक रीत ठरवा आणि तीच चालवा.

साबुदाणा घेताना फसू नका. जर्मन सुपरमार्केटातला "पेर्लझागो" बहुधा बटाट्याच्या स्टार्चचा असतो. खिचडी करायला गेलात की त्याची खळ होते, फार तर खीर करा. खिचडीला आशियाई दुकानातले बारीक टॅपिओकाचे मोती लागतात. कच्चे शेंगदाणेही तिथेच मिळतात. रताळी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही आहेत. रात्रपाळीत निर्जळी करू नका. तुमच्या हातात दुसऱ्याचं औषध असतं.

देव्हारा, धूर आणि खालच्या मजल्यावरच्या आजी

इथे झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराची घंटा बसवणं कायद्याने सक्तीचं आहे. ती काढायची नाही, झाकायची नाही. देव तिच्यापासून लांब, खिडकीजवळ मांडा. एक उदबत्ती पुरते. कापूर लावायचा तर खिडकी उघडी ठेवून, अगदी छोटी वडी.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, आणि रविवारी दिवसभर शांतता. टाळ वाजवायचे तर शनिवारी संध्याकाळी. आमच्या पहिल्या गणपतीला मी जिन्यात चिठ्ठी लावली होती: कुठला सण, कुठली तारीख, किती वाजेपर्यंत, आणि त्रास झाला तर माझा फोन. इथे अशी चिठ्ठी लावायची पद्धतच आहे. पण चिठ्ठीपेक्षा उपयोगी पडला तो झाडू. श्वाबियन इमारतींत केअरवोखे असते. आठवड्याची पाटी आपल्या दारावर लागली की जिना आपण झाडायचा-पुसायचा. खालच्या मजल्यावरच्या आजी पहिल्या वर्षी मला नमस्कारही करत नसत. मी पायऱ्यांचे कोपरे ओल्या फडक्याने पुसताना त्यांनी दोनदा पाहिलं. आरतीच्या दिवशी त्या स्वतः वर आल्या, हातात बागेतली शेवंती घेऊन. "तुमच्या देवाला चालते ना?" म्हणाल्या.

मूर्ती शाडूचीच घ्या, किंवा कुंभारकामाच्या साध्या मातीची स्वतः करा. नदीत, तळ्यात विसर्जन करायला इथे परवानगी नाही. घरी बादलीत करा, ती माती कुंडीत घाला. मोदकांसाठी आशियाई दुकानातून साधं तांदळाचं पीठ आणा. शेजारीच तसंच दिसणारं चिकट तांदळाचं पीठ असतं, त्याची उकड हाताला सोडत नाही. खोबरं सुकं न घेता फ्रीझरमधलं ओलं किसलेलं घ्या.

दिवाळीत फटाके नाहीत. ते फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. फुलबाज्यांना मात्र वर्षभर परवानगी आहे. आणि पणत्या! त्या दिवसांत इथे लवकर अंधारून येतं. खिडकीत पाच पणत्या लावल्या की सगळी गल्ली वर बघते.

मुलं शाळेत जाऊ लागली की

बालवाडीत नुसतं "शाकाहारी" लिहून देऊ नका. "अंडं नाही, जिलेटिन नाही" हेही लिहा आणि वाढदिवसांसाठी जिलेटिन नसलेल्या गोळ्यांची बरणी बाईंकडे देऊन ठेवा. सगळ्यांना मिळालं आणि आपल्याला नाही, हे चार वर्षांच्या पोराला धर्म म्हणून समजावता येत नाही.

शाळेत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाचे तास असतात. आपल्या मुलाने तिथे बसावं की नाही, हे ठरवायचा हक्क घटनेने पालकांना दिलाय. आणि १४ वर्षं पूर्ण झाली की आपला धर्म कोणता हे मूल कायद्याने स्वतः ठरवू शकतं. म्हणजे आपल्या हातात फार वर्षं नाहीत, आणि धाकाने काही होणार नाही.

११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या नावाने मुलं कंदील घेऊन मिरवणूक काढतात. माझ्या ओळखीतल्या एका घराने मुलीला पाठवलं नाही, आणि ती खिडकीत बसून रडली. मी माझ्या लेकीला पाठवते. मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून दिला, ही गोष्ट ती घरी येऊन सांगते. मग मी तिला एकनाथ महाराजांची सांगते: काशीहून आणलेली कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. मागच्या वर्षी तिने वर्गात ही गोष्ट जर्मनमधून सांगितली, गाढवाचा आवाज काढून.

दुःखाचा प्रसंग आला तर

यावर कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते. आजी गेली तेव्हा मला तिकीट मिळालं तिसऱ्या दिवसाचं. ज्या रात्री तिकडे अग्नी दिला, त्या रात्री मी व्हिडिओ कॉल लावला नाही. दिवा लावून एकटीने पूर्ण हरिपाठ म्हटला, तिच्या चालीत. पोचता येणार नाही अशा वेळी काय करायचं, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. त्या रात्री डोकं चालत नाही.

इथेच कुणाचं निधन झालं तर दहन होतं, पण बहुतेक राज्यांत अस्थी घरी ठेवता येत नाहीत. त्या दफनभूमीत जातात. भारतात न्यायच्या असतील तर अंत्यविधी करणाऱ्या संस्थेला, म्हणजे बेश्टाटरला, पहिल्याच भेटीत तसं सांगा. दहनाचे कागद आणि भारतीय वकिलातीचं पत्र लागतं, ते त्यांना जमवता येतं.

आपली माणसं, आणि आषाढी

परदेशात मंडळ काढायची आपली सवय जुनी आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. जर्मनीतही मोठ्या शहरांत मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला जा. पण रोजच्या नेमासाठी चार-पाच जणांचा छोटा गट धरा, जो दर गुरुवारी किंवा शनिवारी न चुकता हरिपाठाला बसेल, प्रत्यक्ष किंवा फोनवर. एकदा तरी हाम शहरातल्या कामाक्षी अम्मन मंदिरात जाऊन या. श्रीलंकेतून निर्वासित म्हणून आलेल्या तमिळ लोकांनी ते उभं केलं, २००२ मध्ये. हातात काही नसताना आलेल्यांनी रचलेलं ते गोपुर बघितल्यावर आपल्या अडचणी लहान वाटतात.

तुळस लावायची तर मेच्या मध्यानंतर. ११ ते १५ मे या दिवसांना इथे बर्फाचे संत म्हणतात, त्यानंतर थंडीचा तडाखा बसत नाही असा शेतकऱ्यांचा अनुभव. बी इथल्याच रोपवाटिकेतून "इंडियन तुळस" म्हणून विचारून घ्या. थाई बेसिल वेगळं. ऑक्टोबरमध्ये कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीत. माझ्या तीन तुळशी हिवाळ्यात गेल्या, चौथी जगलीय.

आषाढीला सुटी मिळाली तर पंढरीला नाही तरी इथेच चाला. आमच्या गावच्या जुन्या माणसांत सावता महाराजांचं नाव निघतं ते याचसाठी. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या मळ्यात आला, असं सांगतात. गेल्या आषाढीला आम्ही अकरा जण नेकार नदीच्या काठाने सात किलोमीटर चाललो. फुटपाथवरून, सिग्नल पाळत गेलं तर कुणाची हरकत नसते. रस्ता अडवायचा किंवा लाऊडस्पीकर लावायचा असेल तर ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे पालिकेच्या सार्वजनिक सुव्यवस्था विभागाला, बरंच आधी विचारावं लागतं. टाळांच्या दोनच जोड्या होत्या, त्या आम्ही आळीपाळीने घेतल्या. एस्लिंगेनच्या पुलाजवळ पाऊस आला. कुणाकडेच छत्री नव्हती, आणि बाबा फोनवर विचारत होते, "तिकडं पण भिजलात का रे?"